काळा सोडून कोणताही रंग

सुरतेच्या झांपा बाजार भागात, अल्-जामिया-तुस्-सैफियाच्या आसपास, बुरख्याला रंग असतो. पिस्ता, फिकट गुलाबी, आकाशी, मोतिया. कडेला लेस, मधे भरतकाम, कधी फुलाफुलांच्या कापडाची पट्टी. वरचा भाग डोक्यावरून घालून कंबरेखाली सोडलेला, खाली त्याच कापडाचा घागरा आणि चेहरा पूर्ण उघडा. हा दाऊदी बोहरा बायकांचा रिदा. त्यात काळा रंग सहसा नसतो, आणि हे ठरवून केलेलं आहे.

तापी ओलांडून रांदेरला गेलं की चित्र पालटतं. तिथल्या जुन्या सुन्नी वोहरा वस्त्यांत बुरखा काळाच. बऱ्याच जणींच्या चेहऱ्यावर नकाब, काहींच्या हातांत मोजेसुद्धा. शहर तेच, कुराण तेच, घरात बोलायची भाषाही गुजरातीच्या कुळातली. तरी या दोघींच्या अंगावरच्या कापडाचा अर्थ एक नाही.

मराठी माणसाला सुरत ठाऊक असते ती शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांमुळे आणि लग्नाच्या बस्त्यातल्या साड्यांमुळे. लिंबायत, उधना, पांडेसरा इथे पोटापाण्यासाठी गेलेल्या खानदेशी कुटुंबांना ती याहून जवळून माहीत आहे, कारण त्यांच्या शेजारच्या गल्ल्यांत मुसलमान कामगारांची घरं आहेत. पण ‘मुसलमान बायका बुरखा का घालतात?’ हा प्रश्न जळगावात विचारा की सुरतेत, तो एकाच सुरात येतो आणि त्याची ठरलेली दोन उत्तरं मिळतात: धर्माची सक्ती, नाहीतर बाईची मर्जी. मला ही दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. कापडाकडे बघत बसण्यापेक्षा ते घालायला कुणी सांगितलं, कधीपासून, आणि नाही घातलं तर काय होतं, एवढं विचारलं तर जास्त हाती लागतं.

आधी धर्मग्रंथाचं पाहू, ते थोडक्यात उरकण्यासारखं आहे. कुराणाच्या चोविसाव्या सूरेत तिसावी आयत पुरुषांना नजर खाली ठेवायला सांगते. बायकांबद्दलची आयत त्यानंतरची, एकतिसावी. तिच्यात ओढणी छातीवर घेण्याची आणि सहज दिसतं त्यापलीकडे साजशृंगार न दाखवण्याची सूचना आहे. तेहतिसाव्या सूरेत बाहेर जाताना अंगावर वरून वस्त्र ओढून घ्यावं असं म्हटलं आहे, आणि त्याच सूरेत पैगंबरांच्या पत्नींशी पडद्याआडून बोलावं असंही. चेहरा झाकायचा की नाही, यावर फकीहांमध्ये, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांमध्ये, शतकानुशतकं मतभेद आहेत. रंग, शिवण, बटणं याबद्दल ग्रंथ काही सांगत नाही. म्हणजे रिदा काय किंवा काळा बुरखा काय, दोन्ही माणसांनी आपापल्या काळात शोधलेली उत्तरं आहेत. गंमत अशी की इस्लाममधल्या सगळ्यांत पवित्र यात्रेत, हजच्या एहराममध्ये म्हणजे व्रतस्थ अवस्थेत, बाईने नकाब बांधायचा नसतो आणि हातमोजेही घालायचे नसतात.

या हजशी सुरतेचं नातं जुनं आहे. मुघलांच्या काळात हिंदुस्थानातून मक्केला जाणारे यात्रेकरू इथूनच जहाजात बसत. त्यांच्यासाठी १६४४ मध्ये बांधलेल्या मुघलसराईत आज सुरत महानगरपालिकेचं मुख्यालय आहे. त्याआधी, १५७५ मध्ये, बाबराची मुलगी आणि अकबराची आत्या गुलबदन बेगम फत्तेपूर सिक्रीहून हजला निघाली. तिच्याबरोबर सलीमा सुलतान बेगम आणि जनानखान्यातल्या आणखी काही बायका होत्या. समुद्रावर पोर्तुगीजांचा अंमल होता, त्यांच्या परवान्यासाठी या राजस्त्रियांना सुरतेत जवळपास वर्षभर खोळंबावं लागलं. १५७६ मध्ये जहाज सुटलं. मग अरबस्तानात सुमारे साडेतीन वर्षं मुक्काम, परतीला एडनजवळ जहाज फुटलं, आणि १५८२ मध्ये त्या घरी पोचल्या. ज्यांचं तोंड परक्याने पाहू नये म्हणून भिंती उभारल्या, त्याच बायकांनी समुद्र ओलांडला. पुढे याच गुलबदनने ‘हुमायूननामा’ लिहिला.

तिचा पडदा अंगावरच्या कापडापेक्षा वाड्याचा, पालखीचा आणि नोकरचाकरांचा होता. तो परवडणाऱ्यांचा होता. बंदरावर ओझी वाहणारीला किंवा मासळी विकणारीला तो शक्यच नव्हता. पडदा हे खानदानाचं लक्षण ठरलं ते असं, आणि म्हणूनच घराला बरे दिवस आले की बाई आत जायची. हे केवळ मुसलमानांत घडलं असं नाही. पेशवाईतल्या आणि त्यानंतरच्या मराठा सरदार घराण्यांतला गोषा आठवावा. हॅना पापानेक या अभ्यासक बाईंनी १९७३ मध्ये बुरख्याबद्दल एक नेमकं निरीक्षण मांडलं होतं: बुरखा म्हणजे बाईने बरोबर घेऊन फिरायचा एकांत. आपण बुरख्याकडे कोंडवाडा म्हणून पाहतो. पण ज्या घरातून बाहेर पडायचीच मुभा नव्हती, तिथल्या बाईसाठी तो बाहेर पडण्याचा परवाना ठरला. कोंडवाडा आणि परवाना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

शेजारच्या हिंदू घरातला पदर आणि हा पडदा यांत एक मोठा फरक आहे, आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. गुजरातेत सून सासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर ‘लाज काढते’, म्हणजे घुंगट ओढते. सुरतेच्या कापडबाजारात स्थिरावलेल्या राजस्थानी कुटुंबांत हे आजही दिसतं. तीच सून बाजारात भाजीवाल्यासमोर तोंड उघडं ठेवू शकते. मुसलमान बाईचा हिशेब याच्या उलटा. सासरा तिला महरम, त्याच्याशी लग्न कधीच होऊ शकत नाही, म्हणून त्याच्यासमोर पडदा नाही. भाजीवाला ना-महरम, आणि चुलतभाऊसुद्धा ना-महरम, कारण त्याच्याशी निकाह होऊ शकतो. घुंगट घरातली उतरंड सांभाळतो आणि बुरखा घराची सीमा. डोकं झाकणाऱ्यांची मोजदाद करायची तर प्यू रिसर्च सेंटरने २०१९-२० मध्ये देशभर केलेल्या पाहणीत ८९ टक्के मुसलमान आणि ५९ टक्के हिंदू बायकांनी घराबाहेर डोकं झाकत असल्याचं सांगितलं. ही ५९ टक्क्यांची बाजू आपल्या चर्चेत येत नाही, कारण ती आपल्याच माजघरातली आहे.

आता रिद्याकडे वळू. दाऊदी बोहरा हा शिया इस्माइली परंपरेतला, बहुतांशी व्यापारी समाज. त्यांचे धर्मप्रमुख म्हणजे दाई-अल-मुतलक, ज्यांना सय्यदना म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांची गादी सुरतेला होती. विसाव्या शतकात ती मुंबईला गेली. अल्-जामिया-तुस्-सैफिया ही समाजाची धर्मशिक्षणसंस्था १८१४ मध्ये त्रेचाळिसाव्या दाईंनी इथेच सुरू केली आणि आज तिथे मुलीही शिकतात. बावन्नावे दाई सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांचा जन्म सुरतेचाच, १९१५ चा. १९८० च्या आसपास त्यांनी समाजाला काही शिस्ती घालून दिल्या: पुरुषांनी दाढी राखावी, पांढरा पोशाख आणि सोनेरी काठाची टोपी घालावी, व्याजाचा व्यवहार टाळावा, आणि बायकांनी रिदा घालावा. त्याआधी बोहरा बायका घरी घागरा-ओढणीत असत, शहरातल्या बऱ्याच जणी साडी नेसत. आज ज्या आजीला नात रिद्यात पाहते, तिच्या लग्नाच्या फोटोत रिदा नसण्याचीच शक्यता जास्त. हजार वर्षांचा वाटणारा हा पोशाख रंगीत टीव्हीच्या वयाचा आहे.

त्याचं काम काय? एक काम उघड दिसतं. गर्दीत बोहरा बाई चटकन ओळखू यावी, आणि इतर मुसलमान बायकांपेक्षा वेगळी ओळखू यावी. काळा रंग टाळण्याचं मर्म हेच. सहसा बुरखा बाईला अनोळखी करतो असं आपण धरून चालतो. रिदा याच्या उलट तिचा पत्ताच सांगतो. नैरोबी, कोलंबो, दुबई, ह्यूस्टन, कुठेही रिदा दिसला की दुसरी बोहरा बाई सलाम करून पुढे येते. जगभर विखुरलेल्या, संख्येने लहान आणि व्यापारावर जगणाऱ्या समाजाला याची किंमत कळते. शिवाय नियम पुरुषांनाही आहे, हे विसरू नये. पुरुषांच्या त्या टोप्या घरातल्या बायका क्रोशाने विणतात, बारीक हाताने, आणि त्या विणण्याचं कौतुकही होतं.

दुसरं काम हौसेचं. नियमाने झाकायला सांगितलं तेवढं झाकून झाल्यावर उरलेल्या जागेत बायकांनी फॅशनचं एक पूर्ण दालन उभं केलं आहे. लेसचे प्रकार, पट्ट्यांची मांडणी, पर्दीचा, म्हणजे डोक्याभोवतीच्या भागाचा, कट. लग्नाचा रिदा वेगळा, मोहर्रमच्या वाअजचा, म्हणजे प्रवचनाचा, वेगळा, रोजच्या बाजारहाटाचा वेगळा. सुरत तर कृत्रिम धाग्याच्या कापडाचं आगरच. घरून शिवणकाम करणाऱ्या, नमुने फोनवर पाठवून रिदे विकणाऱ्या बोहरा बायकांची एक स्वतंत्र बाजारपेठ झाली आहे. लाज राखायच्या कपड्यातून कमाई होते, यात त्यांना काही विसंगत वाटत नाही. मलाही वाटत नाही.

पण या गोष्टीला अवघड बाजू आहे. बोहरा मुलगा किंवा मुलगी वयात आली की मिसाक घेते, म्हणजे दाईंशी एकनिष्ठ राहण्याची शपथ. मशीद, जमातखाना, निकाह, दफनभूमी, सगळं जमातीच्या हाती. असहमत असणाऱ्यांवर सामाजिक बहिष्कार टाकला जातो, अशा तक्रारींची चौकशी जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने नेमलेल्या नथवाणी आयोगाने केली. आयोगाचा अहवाल १९७९ चा, आणि त्याने तक्रारींत तथ्य असल्याचं म्हटलं. धर्मपीठाने तो मानला नाही. असगर अली इंजिनियर यांच्यासारख्या सुधारकांनी यापायी आयुष्यभर मार खाल्ला, शब्दशः. आता हे आणि रिद्याचा आदेश शेजारी ठेवून पाहा. सुधारकांचं बंड सत्तरच्या दशकातलं, समाजाला एका पोशाखात आणणं त्यानंतर लगेचचं. कोण आपल्यात आहे आणि कोण बाहेर, हे रस्त्यावरच्या माणसालाही कळेल अशी सोय झाली. रिदा घालणारी बाई श्रद्धेने घालत असेल, बहुतेक जणी तशाच घालतात. पण तो काढून ठेवण्याची किंमत तिने स्वतः ठरवलेली नाही.

रांदेरच्या काळ्या बुरख्यामागे असा एक आदेश नाही. सुन्नी वोहरांना दाई नाही. तिथे वारे अनेक दिशांनी आले. डाभेलची जामिया इस्लामिया तालीमुद्दीन १९०८ ची; तेव्हा ते गाव सुरत जिल्ह्यात होतं, आता नवसारीत आहे. देवबंदचे नावाजलेले विद्वान अन्वर शाह काश्मिरी अखेरच्या वर्षांत इथे शिकवायला आले. देवबंदी उलेमांचा चेहरा झाकण्याकडे कल आहे, आणि तबलिगी जमातीने तो घराघरांत पोचवला. दुसरीकडे रांदेरची कुटुंबं रंगूनला व्यापार करत होती (तिथून आणलेला खावसे हा पदार्थ रमझानात आजही खाल्ला जातो), पुढे दक्षिण आफ्रिका, रीयुनियन, मग इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांची गावं. सुरत-भरूचकडच्या मुसलमानांची मोठी वस्ती ब्लॅकबर्नमध्ये आहे. २००६ मध्ये तिथले खासदार जॅक स्ट्रॉ यांनी, आपल्याला भेटायला येणाऱ्या बायकांना नकाब वर करायची विनंती करतो, असं लिहिलं आणि ब्रिटनभर वाद पेटला. तिकडच्या मुलीसाठी नकाब हा गोऱ्या समाजाला दिलेला जबाब होता: मी इथे जन्मले, पण तुम्ही सांगाल तशी दिसणार नाही. सुट्टीला गावी आली की तीच मुलगी इथल्या बहिणींपुढे आदर्श म्हणून उभी राहते. नात आजीपेक्षा जास्त झाकलेली, हे त्यामुळे घडतं. आपल्याकडे कोकणात असंच झालं. जुन्या कोकणी मुसलमान बायका साडी नेसत, डोक्यावरून पदर घेत. बुरखा गावोगाव दिसू लागला तो आखाताच्या नोकऱ्यांनंतर.

सुरतेच्या संदर्भात १९९२ चा डिसेंबर टाळून पुढे जाता येत नाही. ६ डिसेंबरला बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर या शहरात झालेल्या हिंसेत मुसलमान बायकांवर सामूहिक अत्याचार झाले. माणूस कपड्यावरून ओळखू येणं ही एरवी सोयीची गोष्ट. अशा दिवसांत तीच जिवावर येते. त्यानंतर कुणी बुरखा काढला असेल, कुणी मुद्दाम घातला असेल. मोहल्ल्याबाहेर जाताना काढायचा आणि मोहल्ल्यात शिरताना घालायचा, ही कसरत करणाऱ्या बायका भारतातल्या प्रत्येक दंगलग्रस्त शहरात आहेत. अशा बाईला धर्माबद्दल विचारून उत्तर मिळणार नाही, रिक्षा कुठून कुठे जाते ते विचारावं.

पडदा सोडणाऱ्यांचाही इतिहास याच परिसरात आहे आणि तो रिद्यापेक्षा जुना आहे. खंभातहून मुंबईला आलेलं तय्यबजी घराणं सुलेमानी बोहरा. काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच घरातले. या कुटुंबातल्या बायकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या सुरुवातीला हळूहळू पडदा सोडला. त्यांच्याच गोतातली अतिया फैजी १९०६ मध्ये शिष्यवृत्तीवर लंडनला शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला गेली. तिची बहीण नाझली मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबाची बेगम. अतिया लंडनमध्ये वावरली ती डोकं झाकून पण चेहरा उघडा ठेवून. रिदा आला त्याच्या तीन पिढ्या आधी! फरक इतकाच की अतियाने ते स्वतः बेतलं होतं.

इथे एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. समाजसुधारक हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुसलमान बायकांचा मोर्चा काढला, तेव्हा मागण्या होत्या तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याच्या. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं, त्याचंही मुख्य काम तलाकपीडित बायकांचं. २००७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने तलाक आणि हाजी अली दर्ग्यातल्या प्रवेशासाठी कोर्ट गाठलं. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्याने दर्ग्याचा खटला जिंकला. यातल्या कितीतरी कार्यकर्त्या डोकं झाकतात. बाहेरच्यांच्या यादीत बुरखा पहिला असतो, त्यांच्या स्वतःच्या यादीत तो बराच खाली. घर, मेहेर, पोटगी, पोरांची फी हे आधी.

कोर्टात मात्र कापडच जातं. उडुपीच्या कॉलेजात हिजाबवरून झालेल्या वादानंतर कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी हिजाब ही इस्लाममधली अत्यावश्यक प्रथा नसल्याचा निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबरला दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. न्या. हेमंत गुप्ता यांनी वर्गातली हिजाबबंदी उचलून धरली, न्या. सुधांशु धुलिया यांनी, हा मुलीच्या निवडीचा आणि मुख्य म्हणजे तिच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, असं मत दिलं. मग चेंबूरच्या आचार्य-मराठे कॉलेजचं प्रकरण आलं. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी, बॅज यांवर कॉलेजने घातलेली बंदी तात्पुरती रोखली, पण वर्गात बुरखा नको हे मान्य ठेवलं. या वाटणीत झांपा बाजारातला रिदा कुठे बसतो? अंग झाकतो बुरख्यासारखा, चेहरा उघडा ठेवतो हिजाबसारखा.

आणि जे विचारायला हवं, ‘नाही घातला तर काय होतं?’, ते वेगळ्याच कायद्याच्या वाटेने कोर्टात पोचलं आहे. सुरत मुंबई राज्यात होती तेव्हा, १९४९ मध्ये, त्या राज्याने जातबहिष्कारावर बंदी घालणारा कायदा केला. बोहरांचे एक्कावन्नावे दाई सय्यदना ताहिर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला: समाजातून बाहेर काढणं हा धर्मप्रमुखाचा धार्मिक अधिकार ठरला. त्या निकालाविरुद्ध सुधारकांनी केलेला अर्ज १९८६ पासून अनेक दशकं पडून राहिला. महाराष्ट्राने दरम्यान २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आणला. विशिष्ट प्रकारचे कपडे घालायला भाग पाडणं हेही त्यात गुन्ह्यांच्या यादीत आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कायद्याचा आधार भायखळ्यातली बोहरा बाई घेऊ शकते. सुरतेतल्या तिच्या बहिणीपर्यंत तो पोचत नाही. अर्थात भायखळ्यातलीलाही तक्रार द्यायची ती स्वतःच्या सासरच्या, जमातीच्या नावाने.

१० फेब्रुवारी २०२३ ला पंतप्रधानांनी मुंबईत मरोळला अल्-जामिया-तुस्-सैफियाच्या नव्या संकुलाचं उद्घाटन केलं. त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी बोहरा बहिष्काराचा तो जुना अर्ज नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवला.